न अडकणारी रायफल

अहो,

तुमचा फोटो भिंतीवर लागून आठ महिने झाले, पण आज तुमच्याशी भांडल्याशिवाय मला घास उतरायचा नाही. समोर असतात तर तोंडानं भांडले असते. आता कागदावर ऐका!

सकाळी आबिड्सला गेले होते, तुमच्या त्या बंदुकीच्या दुकानात. तुमच्यामागे रायफल तिथंच जमा केलीय. लायसन्सवाला माणूस गेला की ती घरात ठेवता येत नाही म्हणे. विद्या म्हणाली, "आई, विकून टाक ना. तशीही बाबांची ती अडकतेच." पोटची मुलगी बरं का! तुमच्या तेराव्याला माझा भाऊही पंगतीत हेच बोलला, "दाजींनी नऊ वर्षं रायफल निवडली, आणि निवडली ती अडकणारी." सगळे हसले. मीही हसले.

नऊ वर्षं हो! सशासाठी एक पॉइंट टू-टूची छोटी रायफल घ्यायची, त्यात इतकं काय बघायचं असतं? "अगं, हातानं बोल्ट ओढून दुसरी गोळी चढवेपर्यंत ससा ज्वारीत पसार होतो." म्हणून सेमी-ऑटोमॅटिकच पाहिजे, आपोआप पुढची गोळी चढवणारी. पण ती जात नाजूक! देशी काडतुसाचा जोर कमी पडला की रिकामं टरफल बाहेर पडत नाही, मधेच अडकतं. म्हणजे देशी, विलायती, जुनं, नवं, सगळं पचवणारी हवी. वांगी चिरता चिरता हे सगळं मला तोंडपाठ झालंय. मला!

मग देशाचा बाजार उघडला. "थांब, आता विलायती रायफली येतील," म्हणालात. विलायती कोला आला, मोटारी आल्या, बरकतपुऱ्यात आपल्या गल्लीत गच्चीगच्चीवर डिशच्या छत्र्या आल्या. रायफल कुठं आली? आली ती सशाची शिकार बंद झाल्याची बातमी! तरी तुमचं शोधणं चालूच. शेवटी एका जुन्या देवडीतल्या, त्या नवाबी वाड्यातल्या, म्हाताऱ्या साहेबांची वापरलेली घेतलीत. त्यांच्याच बागेत भर उन्हात तीन डबे काडतुसं उडवलीत, ती एकदाही अडकली नाही, तेव्हा कुठं हो म्हणालात. आणि एवढं करून कायद्यानं मारायला शिल्लक काय, तर उंदीर! बिदरकडच्या शेतावर जाऊन पत्र्याचे डबे पाडत बसायचात.

खंडेनवमीला पूजेत मांडलेली रायफल दसऱ्याला तशीच उचलायची आणि शेतावर सगळ्यांसमोर बार काढायचा, हा आपला शिरस्ता. आणि नेमकी तेव्हाच दुसऱ्या गोळीला अडकायची! भाऊ टाळ्या पिटायचा. मी म्हणायचे, "घ्या, नऊ वर्षांची निवड!" तुम्ही खाली मान घालून म्हणायचात, "काडतुसं दमट आहेत."

आज विकायची म्हणून दुकानातल्या बंदुका दुरुस्त करणाऱ्या उस्तादांनी ती खोलली. आतून लाल-पिवळा राडा निघाला, आणि तांदळाचा एक दाणा. अक्षतेचा दाणा मी लगेच ओळखला. रिकामी आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून तुम्ही बोल्ट मागं ओढून ती पाटावर ठेवायचात, आणि मी त्या उघड्या तोंडात हळद-कुंकू, अक्षता वाहायचे. माहेरी विळ्याला, नांगराला वाहतो तसं, अगदी सढळ हातानं. तेल पाजलेलं यंत्र ते, चिकटणार नाही तर काय!

मी म्हटलं, "उस्ताद, ये तो मेरे हात से हुआ."

"हौ अम्मा. साब को मालूम था ना! हर दसरे के बाद साफ कराने लाते थे, पिछले दसरे के बाद लाने को रहे नहीं. बोलते थे, घर में नक्को बोलो, उनों बडे दिल से पूजा करतीं."

ठाऊक होतं तुम्हाला? मग बोलला का नाहीत हो? भाऊ हसतोय, पोरगी हसतेय, मी तर सगळ्यांत पुढं, आणि तुम्ही आपले दमट काडतुसं! एकदा ओरडायचं होतंत माझ्यावर. एवढा कसला तो चांगुलपणा! मी दुकानात रडले. उस्तादांनी स्टूल दिलं, पाणी दिलं. फार वाईट वागले हो मी.

विकणार नाही. लायसन्स माझ्या नावावर करायचा अर्ज सोमवारी देते. मिळेल तेव्हा मिळेल. पण येत्या दसऱ्याला शेतावर सगळे जमले की मी उभी राहून सांगणार, भावाला आणि विद्याला अगदी समोर बसवून, की यांनी रायफल बरोबरच निवडली होती, दरवर्षी अडकवत होते ती मी. हसू देत मग मला.

मला मात्र एका चहात पसंत केलंत. नऊ वर्षं तिथं लावायची होती ना!

तुमची,
सुशीला