लहरींचं सोवळं

प्रिय बापूसाहेब,

तुमची तेरवी परवा झाली. आज सकाळी वहिनी कुंपणाशी आल्या आणि मला झापून गेल्या. तुम्ही गेल्यापासून मी माझ्या बिनतारी सेटच्या, संदेश टिकटिकवायच्या कळेला बोट लावलेलं नाही आणि आता सेटच विकायला काढलाय, हे त्यांच्या कानावर गेलं होतं. म्हणाल्या, "मास्तर, तुमचं आमचं गोत्र एक हाय का? मंग सुतक काहून पाळून राहिले?"

वकील तुम्ही, म्हणून तुम्हालाच विचारतो. सेट ठेवू की विकू?

अख्ख्या अमरावतीत बिनतारीचे हौशी परवानेवाले आपण दोघंच, आणि तेही एका भिंतीला पाठ लावून राहणारे! असं कुठं असतं का हो? तुम्ही कळ दाबली की माझ्या हेडफोनात असा कडकडाट व्हायचा, की दूरदेशीची बारीक टिकटिक त्यात पार बुडून जायची. मी दाबली की तुमचं तेच. मग तुम्ही चिडून भिंतीवर मुठी हाणायचात. ती मूठ मात्र मला स्पष्ट ऐकू यायची.

अकोल्याच्या आपल्या दोस्ताला तर आपण एकाच वेळी हाका मारायचो. शेवटी बिचारा आगगाडीत बसून इथं आला. "तुमी दोघं मिळून मले खिचडी पाठवून राहिले," म्हणाला, "एकानं वरण पाठवा, एकानं भात."

मग आपण शहाणे झालो. छपरावरच्या एरियलच्या तारा एकमेकींना काटकोनात बांधायचं ठरलं, म्हणजे त्रास कमी. पण दक्षिण ही यमाची दिशा, म्हणून तुम्ही पूर्व-पश्चिम घेतलीत आणि दक्षिणोत्तर माझ्या गळ्यात मारलीत. आणि आधी गेलं कोण? ही कुठली वकिली, बापूसाहेब!

तारांनी भागेना, तेव्हा तुमच्या भिक्षुकी घराण्याची अक्कल कामी आली. एकाच्या लहरींनी दुसऱ्याच्या लहरी बिघडणं, याला तुम्ही सरळ 'विटाळ' म्हणालात. उपायही घरचाच. एक जण सोवळ्यात असला की दुसऱ्यानं शिवायचं नाही. कळेवर बसताना तुम्ही भिंतीपलीकडून ओरडायचात, "मी सोवळ्यात!" की मी हात मागे घ्यायचो. तुमच्या ओसरीवरचे दर्यापूर-अकोटचे पक्षकार ते ऐकून हात जोडायचे. वकीलसाहेब दिवसातून चारदा पूजा करतात, म्हणून तुमचं काय नाव झालं होतं!

आणि श्रावणातली ती सकाळ? तुम्ही ओरडलात, मी कळ सोडली. तेवढ्यात हेडफोनात ऑस्ट्रेलिया! कुणी उत्तर देता का, म्हणून तो माणूस पुकारत होता. मी हात मांडीखाली दाबून बसलो. तो पुकारून पुकारून निघून गेला. दुपारी तणतणत तुमच्याकडे आलो, तर तुम्ही कपाळाला भस्म लावून जेवायला बसलेले. "अहो, आज खरंच सोवळ्यात होतो, अभिषेक होता. आणि हेडफोन इतका साफ होता, तर मी कळेवर नाही हे कळलं नाही? शाळेत विज्ञानच शिकवता ना?" आठ दिवस मी तुमच्याशी बोललो नाही. कळेवरून सुद्धा नाही.

काल संध्याकाळी मी नुसता हेडफोन लावून पाहिला. कडकडाट नाही, खरखर नाही. कुठून कुठून स्टेशनं येत होती, अगदी कानाशी बोलल्यासारखी. एवढं साफ ऐकू यावं म्हणून आपण किती भांडलो! मला ते ऐकवेना. रडू आलं, आणि मी हेडफोन काढून ठेवला.

हे वहिनींना मी सांगितलं नाही. पण झापून झाल्यावर त्या जायला वळल्या आणि हळूच म्हणाल्या, "त्यायची टिकटिक तर गेली. तुमची तरी भिंतीतून येऊ द्या. घर लय मुकं झालं."

म्हणून सेट विकत नाही, बापूसाहेब. टेबल सरकवून आपल्या भिंतीला चिकटवलंय. उद्यापासून रोज सकाळी, वहिनी चहा घेत बसतात तेव्हा, मी अकोल्याला हाक मारीन. कळ जरा जोरानंच दाबीन. अकोल्याला पोचली नाही तरी चालेल.

तुमचा शेजारी,
गोविंदा मास्तर