गणपतच्या कोपरातला डाग

५ मार्च १९६१
...त्या सकाळी विहिरीवरून पाणी आणलं, भाकरी थापल्या, यांचा थुंकायचा डबा राखेनं घासला. रोजच्यासारखंच. हात पुसत आत आले तर हे गेलेले. आज सुधाकरचा डबा घासताना तेच सगळं डोळ्यापुढं. बापाचाच खोकला पोराला.

७ मार्च
उद्या पुन्हा रक्त तपासणी. मागल्या वेळी मी रक्ताच्या उभ्या नळीसमोर बसले होते. लाल खाली बसत जातं, वर पिवळं पाणी. जितकं लवकर बसेल तितकी आतली सूज जास्त, असं डॉक्टर म्हणाले. सु.चं भराभर खाली गेलं. मला पाहवेना.
सु. म्हणतो, "तू नको येऊ. तू नळीकडं अशी पायतं की मलेच भेव वाटते." शेजारचा गणपत, कारखान्यात त्याच्याच पाळीतला, जातो सोबत. "मावशी, पोट्ट्याले खांद्यावर बसवून नेतो!"

९ मार्च
चिठ्ठी आली. मागे नळीत लाल ८२ खाली बसलं होतं, आता ९! डॉक्टर म्हणाले, क्षयाच्या सुया बंद करू, सोमवारी कामावर जायला फिट लिहून देतो. पावर हाउसच्या बाजारातून गूळ आणला, वाटला. बुद्धाच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली.
पण अंग अजून तापतं. खोकला तोच. मग नऊ कसे?

१० मार्च
आंघोळीचं पाणी देताना सु.चे हात पाहिले. रक्त काढल्याची खूण कुठंच नाही. तेवढ्यात दारात आलेल्या गणपतच्या कोपरात काळानिळा डाग.
विचारलं. गणपत खाली बघून म्हणाला, "मावशी, गेटवर एकमेकाचं टोकन देऊन हजेरी लावतोच ना आम्ही? तसंच समजलो. रक्त काढणारा नवा होता, चेहरा कुठं ओळखते. फिट नाई झाला तं नोकरी जाईन त्याची."
सु. ओरडला, "तू सांगशीन तं दोघंबी घरी बसू. कारखान्याची खोलीबी जाईन. मंग कुठं राह्यशीन?"
रक्ताची हजेरी लावून आले! सांगितलं तर नोकरी. नाही सांगितलं तर सुया बंद, आणि मग तो डबा, ती सकाळ...

१२ मार्च
सु.नं कालपासून घास घेतला नाही. ताट तसंच झाकलेलं आहे. उद्या सोमवार.
काल पाणी भरलं, भाकरी थापल्या, डबा घासला आणि दवाखान्यात गेले. डॉक्टरांना म्हटलं, ते नऊ माझ्या मुलाचे नाहीत. नळी पुन्हा लावा. "तो फिर खून किसका था?" त्यांनी विचारलं. मी गणपतचं नाव घेतलं नाही.