रिकाम्या पोटाची शिकवण

मी, ठमाबाई रामचंद्र घरत, वय ६६, धंदा तांदळाच्या भाकऱ्या करून विकणे, राहणार किहीम, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र स्वखुशीने करून ठेवते. मला जठराचा कर्करोग आहे. बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणाचे दडपण नाही. यातली काही वाक्ये वकील गाळणार होते, मी गाळू दिली नाहीत.

१. किहीमचे दोन खोल्यांचे घर व पडवी ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. पर्यटकांच्या कॉटेजना वीस वर्षे भाकऱ्या पुरवून मी ती उभी केली. हे घर सून हेमाली हिला पूर्ण मालकीने देते. मुलगा मितेश याने तिथे हयातभर राहावे, पण विकण्याचा अधिकार त्याला नाही. त्याने विचारले, "आये, मी काय वाईट केला?" वाईट काही केले नाही. तो ट्रकवरून दुपारी चारला येतो आणि ती तोवर जेवत नाही, एवढेच. मी सांगून पाहिले, ती म्हणाली, "तुम्ही पन तशाच ऱ्हायल्यात नं."

२. माझी सासू सोनाबाई हिची पितळी भांडी मोडीत द्यावीत, घरात ठेवू नयेत. पुरुष जेवल्याशिवाय बाईने ताटाला हात लावायचा नाही, हा नियम तिचा. पहाटे उपाशीपोटी कोरा चहा, मग थेट तिसऱ्या प्रहरी रात्रीची भाकरी, तिखटजाळ सुकट आणि उरलेले कालवण. शिळे टाकायचे नाही म्हणून आंबलेलेही खाल्ले. पोटात जळले की खायचा सोडा पाण्यातून प्यायचा. असे मी चाळीस वर्षे केले आणि त्याचा मला अभिमान होता. सासूला दोष देऊन मी सुटत नाही, कारण तोच नियम मी माझ्या मुलीला शिकवला.

३. मुलगी नलू, चौलच्या विनेश पाटील यांची पत्नी, अकरा वर्षांपूर्वी वारली. वय एकोणतीस. गावाला मी सांगितले की नवऱ्याने उपाशी ठेवून मारली. पोलिसांत तसाच जबाब दिला. तो जबाब खोटा होता. खरे काय घडले ते इथे लिहिते.

नलू माझ्यासारखीच सगळ्यांच्या मागून जेवायची. सुपारीच्या वाडीत काम करून कंबर दुखायची, म्हणून उपाशीपोटी दुखण्याच्या गोळ्या घ्यायची. एका मंगळवारी तिचा फोन आला. "आये, पोटान आग परलीय. हे म्हंतान दवाखान्यान जाव." मी म्हटले, "सोडा पी न नीज जरा. बाईमानसाला येवरा व्हतंच. सासरी नाव नको घालवू." तिने ऐकले. विनेश रिक्षा घेऊन दारात उभा होता, त्याला तिने परत पाठवले. गुरुवारी पोटातला अल्सर फुटला. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस आधी आणायला हवी होती.

विनेशने फोनची गोष्ट चारचौघांत सांगितली. मी म्हटले, असा फोन आलाच नाही. लोकांनी आईचे खरे मानले. आठ वर्षांची नात रुचिका मी माझ्याकडे आणली आणि बापाला दारात उभे केले नाही.

४. मागच्या रविवारी विनेशला बोलावून हे सांगितले. तो पडवीत बसला होता, आत आला नाही. म्हणाला, "फोन आल्ता ते मला म्हाईतच होतं. रुचिकाला तेवढं सांगायचं होतंत." चहा न घेता गेला. पोलिसांतला माझा जबाब खोटा असल्याच्या या कबुलीची प्रत वकील त्याच्या हाती देतील. त्याची भरपाई करण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

५. माझे दागिने व टपाल कचेरीतील ठेव नात रुचिका विनेश पाटील हिला द्यावी. तिने नर्सिंगचे शिक्षण पुरे करावे, न केल्यास ठेव तरीही तिचीच.

६. हे पत्र माझ्या मागे आधी रुचिकाला वाचायला द्यावे. तिच्या तोंडावर सांगायला मी तीनदा बसले. तिन्ही वेळा तिने मला पेज भरवली आणि मी गिळत राहिले. तिने मला क्षमा करावी असे मी लिहीत नाही. माझ्या दहाव्याला ती आली नाही, तर तिला कोणी एक शब्द बोलू नये.

यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही : ठमाबाई रामचंद्र घरत

साक्षीदार :
१. नामा गोमा म्हात्रे, शेजारी, किहीम
२. पुतळाबाई भिकू गायकवाड, निवृत्त शिक्षिका, किहीम

ठिकाण : अलिबाग
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२४