अर्धी स्कूटर शिवदासशेटला

मी, प्राजक्ता महादेव राऊळ, वय वर्षे पंचवीस, बी.ए. एल्एल.बी., अविवाहित, राहणार कोरगाव, तालुका पेडणे, गोवा, आज हे लिहून ठेवते ते पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने. मला ताप नाही, कोणी धाक घातलेला नाही. आई मघापासून "गो, पेज निवता!" म्हणून ओरडते आहे, तो धाक धरू नये.

पंचविसाव्या वर्षी मृत्युपत्र कशाला, असे घरच्यांनी विचारले. ॲडव्होकेट पद्मावती यांच्या पेडण्याच्या कार्यालयात मी अपघातांच्या भरपाईचे दावे तयार करते. आमच्या कपाटात ज्यांच्या फायली आहेत, त्यांच्यापैकी एकानेही सकाळी चहा पिताना 'आज आपल्याला अपघात आहे' असे म्हटले नव्हते. मी स्वतः रोज स्कूटरवर असते आणि म्हापशाला तारीख असली की धारगळला महामार्ग ओलांडते. दुसऱ्यांना शहाणपण सांगायचे आणि स्वतःचा कागद कोरा ठेवायचा, हे मला पटत नाही. हे ऐकून आईने मीठ-मिरच्या ओवाळून माझी दृष्ट काढली. ठसका तिलाच लागला.

१. माझी मिळकत: स्कूटर एक, हेल्मेट दोन, बँकेतली थोडी बचत, कायद्याची पुस्तके, आणि उजेड पडला की चमकणारी बारा जाकिटे, जी मी शाळांतल्या रस्ता सुरक्षेच्या भाषणांना नेते. गोव्याच्या कायद्याप्रमाणे आईवडील हयात असताना यातली अर्धी मिळकत त्यांचीच. उरलेल्या अर्ध्यावरच माझी मर्जी चालते. हे समजावून सांगितल्यावर माझा धाकटा भाऊ प्रज्योत म्हणाला, "म्हणजे मेल्यावरय तुका अर्ध्याच वस्तूंचो कायदो सांगूक गावतलो? बरा झाला." हे उद्गार मी मुद्दाम येथे नोंदवून ठेवते.

२. दोहोंपैकी नवे हेल्मेट प्रज्योतला द्यावे. तो आपले हेल्मेट कोपराला अडकवून गाडी चालवतो आणि पोलीस दिसला की डोक्यावर नेतो. कोपर फुटले तर प्लास्टर घालता येते, डोके फुटले तर काय करशील, असे मी त्याला विचारले होते. "डोक्यात काय नाय म्हणान तूच सांगतंस मगो. मगे फुटान सांडतला काय?" हा युक्तिवाद मी नोंदवून घेतला. तरीही हेल्मेट त्यालाच द्यावे.

३. अकरा जाकिटे कारापूरच्या शाळेला द्यावीत. बारावे आईने भेंडीच्या वाफ्यात बुजगावण्याला घातले आहे. त्या दिवसापासून माकडे फिरकलेली नाहीत. जाकीट लांबून दिसते हे भाषणात सांगूनही कोणाला पटत नव्हते, माकडांना पटले. ते आईकडेच राहू द्यावे.

४. मोटार वाहन कायद्याचे पुस्तक कारापूरच्या तुषार यांना पाठवावे. गेल्या वर्षी ते मला पाहायला आले, तेव्हा एकाच मोटरसायकलवर तिघे होते: पुढे तुषार, मध्ये त्यांचे वडील, मागे आई, आणि कोणाच्याही डोक्यावर काही नाही. मी चहा देण्याआधी गाडीच्या विम्याची तारीख विचारली. त्यांच्या आईने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारले, "आमी चली पळोवंक आयल्यात काय आरटीओंत?" स्थळ मोडले याचे मला दुःख नाही. परत जातानाही ते तिघे तसेच गेले, याचे आहे. दुचाकीवर किती माणसे बसावीत, त्या पानावर मी खूण घालून ठेवली आहे.

५. आता मुख्य कलम. माझे वडील महादेव राऊळ हे बांद्याकडून पेडण्यात आले ते चिरेखाणीत कामाला. दिनांक २२ मे २०२३ रोजी शिवदासशेट यांच्या खाणीत चिरे कापणाऱ्या मशीनच्या पात्याने त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटे गेली. पात्यावर लोखंडी झाकण असायला हवे. धूळ अडकते आणि काम मंदावते म्हणून ते काढून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी मी बघायला गेले, तेव्हा शेडमागे त्या झाकणात कोंबडी अंड्यांवर बसली होती. त्या खाणीत तिच्या एकटीच्या सुरक्षेची व्यवस्था चोख होती.

आठव्या दिवशी शेट नारळ घेऊन आले. देवळात गाऱ्हाणे घातले: घडले ते घडले, दोन्हीकडची मने साफ आहेत, यापुढे कोणी कोणाकडे बोट दाखवू नये. बोट दाखवण्यातली बाबांची अडचण शेटांच्या लक्षात आली नसावी. बाबांनी नारळ घेतला. आमच्याकडे देवापुढे नारळ घेतला की भांडण मिटले, मग कोर्ट नाही, कचेरी नाही.

भरपाईचा दावा लावायला दोन वर्षांची मुदत असते. ती येत्या बुधवारी संपते. अर्ज मी दीड वर्षापूर्वीच टाइप करून ठेवला आहे. भरपाई हवी आहेच, पण दावा लागला तर त्या मशीनवर झाकण परत बसेल. तिथे अजून चौदा माणसे काम करतात. अडले आहे ते फक्त बाबांच्या सहीसाठी.

म्हणून माझ्या मर्जीचा अर्धा भाग, वर दिलेल्या किरकोळ वस्तू सोडून, मी बाबांना या अटीवर देते की त्यांनी मंगळवारपर्यंत अर्जावर सही करावी. न केल्यास तो भाग, अर्ध्या स्कूटरसह, शिवदासशेट यांना मिळावा.

६. वरील कलम मी शनिवारी दुपारी जेवताना मोठ्याने वाचले. पुढे जे झाले त्याचा या मृत्युपत्रावर परिणाम झाला असल्याने ते लिहून ठेवते.

"माझ्या चेडवाची स्कूटर त्या शेटाक?" बाबा ओरडले.

"अर्धी," आईने दुरुस्ती केली.

"खंयची अर्धी? फुडली काय मागली?"

"पेट्रोल घालूचा लागता ती," प्रज्योत म्हणाला.

बाबांनी जरा विचार केला. "बाय, ह्या सगळा लागू कधी जाता?"

"मी मेल्यावर."

"आणि तू बुधवारच्या आदी मरतलंस?"

तसा विचार नसल्याचे मला सांगावे लागले. पद्मावती मॅडमनी हा दोष पहिल्याच वाचनात काढला होता. "प्राजक्ता, हे मृत्युपत्र नव्हे, धमकी आहे. आणि तीही पोकळ." पण मला दुसरे काही सुचत नव्हते.

"सय होवची नाय," बाबा म्हणाले. "देवाच्या म्होरं नारळ घेतलंय मी."

मी कायदा सांगितला: कामगाराने भरपाईचा हक्क सोडला असा करार कोणी केला, तरी कलम १७ प्रमाणे तो निरर्थक ठरतो.

"देवाक कलम सतरा लागू नाय."

तेव्हा आई आमटी वाढता वाढता म्हणाली, "तो नारळ कुसको होतो."

आमटीचे भांडे खाली ठेवून तिने पुढचे सांगितले.

"घराकडे येवन फोडलंय तर आत काळोकुट्ट. तुमका अपशकून वाटात म्हणान दोन वर्सां गप रवलंय. देवाक दिलेलो नारळच कुसको, तर मिटला खंयचा?"

"शेटान देवाक कुसको नारळ दिल्यान?" स्वतःच्या तीन बोटांसाठी दोन वर्षांत चढला नव्हता तेवढा बाबांचा आवाज चढला.

मला वाटले, जिंकले. मी धावत जाऊन अर्ज आणला, ताटाशेजारी ठेवला, वर पेन ठेवले. बाबांनी पेनाकडे पाहिले आणि अर्धे जेवण टाकून हात धुवायला उठले.

मी मागोमाग विहिरीवर गेले. म्हटले, आता काय अडले, नारळ तर गेला.

"चेडू वकील," बाबा पाठमोरेच म्हणाले, "आणि अर्जार बापाशीचो अंगठो?"

मी तिसरीत असताना बाबांना सही करायला शिकवले होते. तोवर ते पगाराच्या वहीत अंगठा लावायचे. सही जमल्यावर त्यांनी ती लाइटच्या बिलावर, माझ्या प्रगतिपुस्तकावर, एकदा तर चुलत्याच्या लग्नाच्या पत्रिकेवरही करून पाहिली होती.

"त्या पात्यान माझी सय नेल्यान," ते म्हणाले. "डावो अंगठो हा, तो चलता, ठावक हा माका. पण फिरान थयसर, अंगठ्यार, जावचा नाय हा माका."

दोन वर्षे मी या माणसाला कलमे वाचून दाखवत होते. पक्षकार का गप्प आहे ते आधी विचारावे, हे आम्हाला कार्यालयात पहिल्या दिवशी सांगतात. मी ते ट्रकवाल्यांना विचारते, गवंड्यांना विचारते, घरात विचारले नव्हते.

७. सबब कलम ५ मधील अट मी रद्द करते. माझ्या मर्जीचा अर्धा भाग बाबांना, विनाअट. शिवदासशेट यांना स्कूटरचा आरसासुद्धा मिळू नये. अर्जावर डाव्या अंगठ्याचा ठसा चालतो, डाव्या हाताची सही चालते, कितीही वाकडी असली तरी चालते, एवढे मी बाबांना एकदा सांगितले आणि त्यानंतर गप्प राहिले. प्रज्योतच्या मते माझ्या आयुष्यातला हा पहिलाच प्रसंग असून त्याची नोंद व्हायला हवी. केली आहे.

८. हा मसुदा आज मी नोतारांकडे, म्हणजे नोटरीकडे, नेऊन रीतसर करून घेणार आहे. त्याच्या पानांमागे काही लिहिलेले आढळेल, त्याचा खुलासा असा. रविवारी हे कागद ओटीवर राहिले होते. आज सकाळी उचलले तर मागच्या कोऱ्या बाजूवर 'महादेव' हे नाव सव्वीस वेळा लिहिलेले होते. पहिल्या चारांत 'द' उलट्या तोंडाचा आहे. अकराव्यात 'व' पानाबाहेर गेला आहे. सतराव्यानंतर आईच्या अक्षरात 'जेवान घेवा' असे लिहिले आहे. विसाव्यापासून नाव वाचता येते. हे लेखन मृत्युपत्राचा भाग नाही. तरीही नोतारांच्या कारकुनाने पाने स्वच्छ टाइप करून आणायला सांगितली, तर नवी आणीन, पण ही परत मागून घेईन.

सत्ताविसावे नाव अर्जावर आहे.

लिहून ठेवणार: प्राजक्ता महादेव राऊळ (सही)

साक्षीदार:
१. ॲड. पद्मावती नाईक, पेडणे (सही)
२. सगुण परब, निवृत्त बसचालक, शेजारी, कोरगाव (सही, चष्मा लावून, दोनदा वाचून)

स्थळ: पेडणे, गोवा
दिनांक: १९ मे २०२५, सोमवार