अडतीस दातांची चक्री

ता. ९ फेब्रुवारी, रविवार

प्रिय दादा,

नमस्कार. बाबा बरे आहेत, मी बरी आहे, आणि माझा गुडघा, जो बरा नव्हता, तोही आता बरा आहे. वहिनींना सांग, त्यांनी पाठवलेला स्वेटर बाबा अंगावरून काढत नाहीत. धुवायला मागितला तर भांडतात.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू "बाबा कसे आहेत?" विचारतोस, मी "बरे आहेत" म्हणते आणि संपलं. त्यांच्या हातात फोन दिला की नेमकं तुझ्या दारावर कुणीतरी येतं. पत्राचं तसं नाही. दार उघडून ये, पत्र तिथेच असेल.

तर बातमी अशी, की मी तुझी सायकल घेतली. तीच, निळी, रेसची, जिला हात लावला तर तू माझे कान उपटायचास. आमच्या शाळेची प्रयोगशाळा टेकडीवरच्या नव्या इमारतीत नेली. सकाळी बस एकच, तीही लहर लागली तर. डॉक्टर म्हणतात, सायकल चालवा, पण गुडघ्यावर जोर देऊ नका. म्हणजे पाण्यात उतरा, पण भिजू नका!

पहिल्या दिवशी तिसऱ्या वळणावर उतरले आणि ढकलत वर गेले. शाळेचा शिपाई म्हणतो कसा, "बाई, सायकल तुम्हाला आणते की तुम्ही सायकलला?" असा संताप आला म्हणून सांगू! घरी आले आणि पहिला पाना काढला.

दादा, तुझ्या सायकलचे गिअर माणसांसाठी नव्हेत, घोड्यांसाठी आहेत. पुढची मोठी चक्री बावन्न दातांची, लहान बेचाळीस, आणि मागची सगळ्यात मोठी कितीची, तर एकवीस. विशीतल्या पायांना ठीक आहे. बाबांचं म्हणणं आठवतं ना? "पुढे थोडे, मागे फार, चढ होतो पार." पुढे दात कमी आणि मागे जास्त, की पेडल हलकं. म्हणून मागे अठ्ठावीस दातांपर्यंतचा नवा संच आणला. जुना गंजून असा बसला होता की दोन दिवस तेल पाजलं तेव्हा सुटला.

आणि पहिल्याच चाचणीला फजिती. मागच्या मोठ्या चक्रीवर चेन चढवली आणि सगळं करकचून अडकलं. बाबा आत खुर्चीत होते. त्यांना आता माणसाचा नुसता आकार दिसतो, पण कान शाबूत आहेत. आतूनच ओरडले, "मिस्त्री, चेन आखूड पडली! मागे सात दात वाढवलेस, मग चेन कोण वाढवणार?"

एकोणचाळीस वर्षांत बाबा सायकलबद्दल पहिल्यांदा बोलले, दादा. आणि मला "मिस्त्री" म्हणाले. मी पायरीवर बसून आधी रडले आणि मग चेन वाढवली.

मग त्यांनी विचारलं, "आणि पुढे? पुढे बेचाळीसच ठेवणार?"

मी पाना खाली ठेवला. हे वाचून तूही पत्र खाली ठेवलं असशील. इतका वेळ मी शिपाई आणि गुडघा करत बसले ते याच्यासाठीच. आता लिहूनच टाकते.

तुझ्या त्या सायकल रेसच्या आदल्या दुपारी बाबा झोपले होते. कारखान्यातून सुटल्यावर रोज कानस चालवून, तीन आठवडे खपून त्यांनी तुझ्यासाठी अडतीस दातांची चक्री केली होती. स्वतः बसवली होती. तू म्हणालास, "म्हाताऱ्यांचा गिअर आहे हा, सगळे हसतील. काढ." तुला पाना उलटा की सुलटा तेही कळत नव्हतं. मी काढली आणि जुनी बसवली. तेरा वर्षांची होते, दादानं मला काम सांगितलं याचाच केवढा तोरा!

दुसऱ्या दिवशी तू चढावर उतरलास आणि चालत वर गेलास. बाबा पाळीवरून आले तेव्हा त्यांची चक्री टेबलावर होती. तू म्हणालास, "हिच्यावरून चेन उडत होती. काढून टाकली." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

त्यांनी ती खिडकीपाशी नेली, एकेक दात पाहिला, तेलकट कागदात गुंडाळून खणात ठेवली. पुन्हा कधी सायकलीला हात लावला नाही. वर्षभरात तू नोकरीसाठी निघून गेलास. मला वाटायचं, बाबांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास आपण घालवला. तुलाही तेच वाटत असणार, नाहीतर तुझ्या दारावर एवढी माणसं आली नसती.

तर बुधवारी मी खण उघडला, चक्री त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. कधीच सांगणार नाही, हे तुला दिलेलं वचन मोडलं. माफी मागणार नाही.

बाबा दात चाचपत राहिले. म्हणाले, "अगं, मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. एकाही दाताला चेनचा डाग नव्हता. चेन चढलीच नाही, तर उडेल कुठून?"

"मग बोलला का नाहीत?"

"तो सांगेल म्हणून थांबलो. आज सांगेल, उद्या सांगेल. मग तो गेलाच. चक्र्या करायच्या तरी कुणासाठी?" मग हसले. "आणि तुझ्यावर ओरडायला उठलो होतो, पण आधी सायकल पाहिली. पाचही बोल्ट काय आवळले होतेस! तेरा वर्षांची पोर! ओरडायला तोंड उघडलं असतं आणि शाबासकी निघाली असती."

शाबासकी उशिरा मिळाली, पण मिळाली. आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्या प्रमाणपत्रांवर ती भारी आहे.

गुरुवारी चक्री बसवली. बोल्ट बाबांनी स्वतः तपासले. शुक्रवारी निघाले. तिसरं वळण गेलं, चौथं गेलं, पाचव्याला डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण पाय फिरत राहिले. फाटकात शिपाई. "बाई, दम लागलाय तुम्हाला!" म्हटलं, "लागू दे. उतरले का?"

घरी आले तर बाबा दारातच. खाली बसून त्यांनी चक्रीवरून बोट फिरवलं आणि ते माझ्यासमोर धरून विचारलं, "काळं झालंय का?"

"झालंय, बाबा."

"मग त्याला कळव," म्हणाले, "चक्री चांगली आहे."

कळवलं. उत्तर मला लिहू नकोस. पुढच्या रविवारी सकाळी फोन त्यांच्या खुर्चीजवळ ठेवून मी टेकडीवर जाणार आहे. दुसरं कुणी उचलणार नाही. आणि दादा, तू आलास तर सीट तुझ्या उंचीला आणायला मला दोन मिनिटं लागतात. चक्री मात्र बदलणार नाही.

चढावर न उतरलेली,
तुझी मिस्त्री