दादा, ते पित्त नव्हतं

तीर्थरूप दादा,

तू असताना तुला कधी पत्र लिहिलं नाही. उत्तर तरी कुठं दिलं असतंस? आज लिहिते आहे, कारण तुझी लेक वैशाली माझ्या घरी, शेजारच्या खोलीत आतून कडी लावून बसली आहे आणि तिला काय सांगावं ते मला सुचत नाही.

आज साताऱ्यात हृदयविकाराच्या संशोधनाला मदत म्हणून दौड होती. तुझ्यासाठी म्हणून वैशाली धावणार होती. माझं नाव चालणाऱ्यांत. तू असतास तर म्हणाला असतास, "संस्कृतच्या बाईंना रिक्षानं पाठवा."

सुरू व्हायच्या आधीच तिचा हात छातीवर गेला. मी विचारलं, तर म्हणाली, "काय न्हाई आत्या, पित्त हाय. लिंबू-सोडा घेतला की जातंय."

शब्दसुद्धा तुझेच उचलले पोरीनं. आष्ट्याच्या स्टँडवर तूही सोडाच मागवला होतास ना? अर्धाच प्यायलास आणि बाक धरलास, तो उठलाच नाहीस. फौजेतला गडी, रोज पळणारा, त्याला काय होतंय, असंच वाटलं ना तुला?

तिथं मांडवात ईसीजी काढत होते. ती येईना. "पोलीस भरती तोंडावर आलीय. मेडिकलला कळलं तर?"

मग मी रस्त्यातच बसकण मारली. म्हटलं, माझ्याच छातीत दुखतंय. घाबरून तिनं मला जवळजवळ उचलूनच नेलं. खाटेवर टेकल्यावर मी डॉक्टरांना म्हणाले, "माझं राहू द्या, आधी हिचं काढा." चारचौघांत तिला नाही म्हणता आलं नाही.

डॉक्टरांनी कागद पाहिला, पुन्हा पाहिला. वडील कशानं गेले, विचारलं. उद्याच तुमच्या जवळ सांगलीत मोठी तपासणी करा, तोवर पळायचं नाही, म्हणाले.

परतताना ती एवढंच बोलली, "माजी भरती घालवलीस तू, आत्या." उद्या येणार नाही म्हणते.

हृदय हा शब्द मी वर्गात जन्मभर चालवून घेतला. त्या कागदावरची एक रेघ मला वाचता येत नाही. भीती वाटते रे. एकदा येऊन तिला दटावून जाता येत नाही का तुला?

नाहीच येणार तू. मग ऐक. पहाटेपासून मी तिच्या दाराशी बसणार. वहिनीला बोलावीन, सुतार आणून कडी काढवीन, पण तिला नेईन. पुढं जन्मभर अबोला धरू दे. न बोलणारी भाची मला चालेल, दादा. न बोलणारा भाऊ आहेच.

तुझी,
शालू