चुन्यात गोंद घातला त्याची हकीकत

मुलुंड, श्रावणातला रविवार

चि. उत्तरा,

तुला पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? बंगळुरात उगाच जिने चढू नकोस. बाळंतीण अक्षता बरी ना? बाळाचं वजन, जावईबापूंची झोप, सगळं कळव. इकडे मी ठीक. तुझ्या वहिनीचा आवाज दोन मजले वर ऐकू येतो, म्हणजे तीही ठणठणीत. (फोनवर तू चेहरा दाखव म्हणतेस आणि माझ्या चेहऱ्यावर सगळं उमटतं, म्हणून हे पत्र.)

तर तुझं गच्चीवरचं काचघर. जाताना तू बजावलंस, एप्रिलात काचांना बाहेरून पातळ चुना मार, झाडं भाजणार नाहीत, पावसात तो आपोआप धुऊन जाईल. आणि बाकी काही मेलं तरी चालेल, ‘यांची’ वांडा ऑर्किड तेवढी जगव. मी चुना कालवला. पण आपल्या हातचं काम पावसाने वाहून जावं, हे काही मनाला पटेना. म्हणून त्यात सुताराचा पांढरा गोंद घातला, चांगला वाटीभर. (धुऊन जाण्यासाठीच रंग लावायचा असतो, हे डोक्यात शिरायला जुलै उजाडला.)

पाऊस धो धो आणि चुना जसाच्या तसा! वर ढग, खाली चुना, आत भर दुपारी दिवा लावावा लागे. तुझ्या विद्याधररावांनी स्वतः टांगलेलं ते ऑर्किड, त्याची पानं मलूल, मुळं काळपट. मला जेवण जाईना गं. तू विश्वासाने सोपवून गेलेली त्यांची एवढीच आठवण, आणि मी तिला अंधारकोठडीत घातलेली. शेवटी तुझ्या वहिनीला, प्रेमाला, सांगितलं. म्हणाली, “भाऊजी असते तर झाडाऐवजी तुम्हालाच टांगलं असतं. उठा आता!” तिने उलथनं घेतलं, मी पुट्टीची पट्टी. गरम पाणी ओतत, खांद्यात छत्री धरून, चोवीस काचा तीन दिवस खरवडल्या. शेजारच्या शर्मिष्ठाबाईंनी विचारलं, काय काढताय? प्रेमा म्हणाली, “ह्यांची हुशारी.”

काल सकाळी पानांच्या बेचक्यातून बोटभर दांडा दिसला. चष्मा पुसून तीनदा पाहिलं. मूळ नव्हे, कळ्या! सात! तसाच बादलीवर बसलो. (बादली पालथी नव्हती.)

तुझा,
दादा

ता. क. एक काच तडकली आहे. उलथन्याने. वहिनीला विचारू नकोस.

आणखी ता. क. दिवाळीला येशील तेव्हा काचघराची किल्ली मागू नकोस. उन्हाळा मी बिघडवला, पावसाळा कसाबसा निभावला. हिवाळा तरी धड करून बघू दे. रिटायर झाल्यापासून सकाळी उठून जायला कुठे नव्हतं गं. थंडीत पाणी किती घालायचं, ते लगेच लिही. उशीर केलास तर मी स्वतःच्या डोक्याने ठरवीन.